तीन वेळा प्रभारी

मुलाखत अकरा मिनिटांत आटोपली. शिट्टीबाईने मुद्दाम घड्याळ पाहिलं होतं अशातला भाग नाही. पण तीस वर्षं दुसऱ्यांच्या धावण्याची वेळ मोजली की माणसाच्या आत एक घड्याळ चालूच राहतं. जागा विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाची होती आणि समोर पाच जण बसले होते. धावपट्टीवर लेन किती असतात असं त्यांना उलटं विचारलं असतं, तर पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं असतं.

"तुमचा अनुभव दांडगा आहे, त्यात वाद नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण तो सगळा मैदानावरचा आहे."

"जागा क्रीडा विभागाचीच आहे ना, सर?"

"आहे. पण आता नेतृत्व म्हणजे वेगळी गोष्ट झालीय. बाहेरच्या जगाचा अनुभव लागतो."

"मी उपसंचालक आहे, आणि तीन वेळा प्रभारी संचालक होते," ती म्हणाली. "एकदा सात महिने, एकदा अकरा, एकदा सव्वा वर्ष."

"ते तात्पुरतं होतं," कोपऱ्यातले गृहस्थ म्हणाले, आणि त्यांनी तिचा अर्ज उताणा होता तो पालथा ठेवला.

आठ दिवसांनी निकाल लागला. गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या विक्री विभागाचे प्रमुख आता विद्यापीठाचे क्रीडा संचालक झाले होते. त्यांच्या अर्जात खेळाबद्दल एकच ओळ होती: शाळेत असताना टेबल टेनिस, तिसऱ्या फेरीपर्यंत.

शिट्टीबाईचा नवरा स्वतःच्या छोट्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. माणूस मिश्कील. जेवायला बसल्यावर तो म्हणाला, "गादीवाला आला आणि झोप उडाली ती तुझी."

ती हसली नाही. तिसऱ्या दिवशी भांडी विसळताना एकदम हसली, आणि हसता हसता तिच्या हातून पातेलं इतक्या जोरात आपटलं की शेजारीण डोकावून गेली.

शिट्टीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलींनी ते पाडलं, आणि पुढे कार्यालयातल्या शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. तिला धावायला लावलं ते मोठ्या बाईंनी. कॉलेजात प्रवेश घेऊन चारच दिवस झाले होते. सुटलेली बस पकडायला ती फाटकापासून कोपऱ्यापर्यंत पळाली, आणि मागून एक जाड आवाज आला, "ती बस जाऊ दे. परत पळून दाखव." दप्तर हातात घेऊन ती पुन्हा पळाली. पुढची पाच वर्षं ती आठशे मीटर पळत होती, आणि तेविसाव्या वर्षी मोठ्या बाईंच्याच हाताखाली नोकरीला लागली.

तेव्हा मुलींचा क्रीडा विभाग वेगळा होता आणि मोठ्या बाई त्याच्या संचालक होत्या. विभाग म्हणजे पाण्याच्या पंपाशेजारची एक खोली. पंप सुरू झाला की बोलणं बंद. त्या खोलीतून मोठ्या बाईंनी चौदा वर्षं चाळीस कॉलेजांच्या मुली मैदानावर आणल्या. मैदानावर मुलींना बाथरूम नव्हतं, त्यासाठी त्यांनी एकोणतीस पत्रं लिहिली आणि तिसावं पत्र घेऊन त्या कुलगुरूंच्या दारात जाऊन बसल्या. आईबापांची समजूत घालायला त्या घरोघर जात. "मुलगी परत आणून सोडायची जबाबदारी माझी," असं म्हणत, आणि खरोखरच प्रत्येकीला दारापर्यंत सोडत.

मग एकत्रीकरण झालं. मुलांचा विभाग आणि मुलींचा विभाग एक करायचा, म्हणजे दोघांना समान संधी मिळेल, असं परिपत्रक निघालं. कागदावर शोभून दिसलं. प्रत्यक्षात दोन खुर्च्यांची एक खुर्ची झाली, आणि त्या खुर्चीवर मुलांच्या हॉकीचे प्रशिक्षक बसले. त्यांना प्रशासनाचा अनुभव चार वर्षांचा. मोठ्या बाईंना चौदा वर्षांचा. बाईंना 'सहायक' करून एक टेबल दिलं, तेही दारासमोर, म्हणजे संचालकांकडे आलेला प्रत्येक जण आधी त्यांनाच विचारी, "साहेब आहेत का आत?"

अकरा महिने त्यांनी ते ऐकलं. मग राजीनामा दिला आणि एका शाळेत कवायत शिकवायला गेल्या. त्या दिवशी शिट्टीबाई तीस वर्षांची होती. घरात सहा महिन्यांची मुलगी होती, नवऱ्याच्या दुकानाने तेव्हा जेमतेम तग धरला होता. मोठ्या बाई आपल्या सामानाची पिशवी घेऊन व्हरांड्यातून गेल्या तेव्हा ती रजिस्टरात मान घालून बसली होती. मान वर केली नाही. ही गोष्ट तिने कोणाला कधी सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

त्यानंतर संचालक येत गेले. हॉकीचे प्रशिक्षक गेले, एक निवृत्त लष्करी अधिकारी आले. कडक होते, पण पहाटे स्वतः मैदानावर येत, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. मग भूगोलाचे एक प्राध्यापक आले. ते फोटो काढायच्या दिवशी येत. मधे मधे खुर्ची रिकामी पडे, आणि ती रिकामी पडली की सगळ्यांना शिट्टीबाई आठवे. स्पर्धांचं वेळापत्रक, पंचांची यादी, जखमी मुलींना दवाखान्यात नेणं, कॉलेजांची भांडणं, सगळं तिच्या अंगावर. खुर्ची भरली की पुन्हा तीच बाई चुन्याची पोती मोजायला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण इथे बीळ खणणारीलाच नागोबाच्या स्वागताचा हार आणायला पाठवत.

गादीवाले साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. गोड बोलत, चहा विचारत. एकदा चाचणीच्या वेळी ते मैदानावर आले आणि म्हणाले, "मॅडम, या मुली उजवीकडे वळतच नाहीत का कधी?" शिट्टीबाईने शांतपणे सांगितलं की सर, धावपट्टीवर डावीकडेच वळतात. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

महिन्याभराने त्यांनी तिला बोलावलं. विभागाला पन्नास वर्षं होत होती. एक पुस्तिका काढायची होती, आजवरच्या सर्व संचालकांचा परिचय देणारी. कोण कुठून आलं, काय शिकलं, काय केलं. "तुमच्याइतकं हे कोणाला माहीत आहे?" साहेब म्हणाले.

आस्थापना विभागाने यादी पाठवली, सोबत प्रत्येकाने स्वतःच लिहून दिलेला परिचय. शिट्टीबाई वाचायला बसली. भूगोलाच्या प्राध्यापकांच्या परिचयात लिहिलं होतं, 'यांच्या मार्गदर्शनाखाली मुलींच्या रिले संघाने सलग तीन वर्षं सुवर्णपदक मिळवलं.' त्या चार मुलींना पहाटे साडेपाचला उठवून बॅटन द्यायला-घ्यायला कोणी शिकवलं होतं, ते तिला माहीत होतं. एकीच्या बापाने पळू देणार नाही म्हणून दारात ठाण मांडलं होतं, त्याच्याशी दोन तास कोण बोललं होतं, तेही माहीत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार हा. आणि वर तो मार आपणच सुवाच्य अक्षरात लिहून काढायचा.

तरी तिने लिहिलं असतं. सवय होती. पण यादी पुन्हा वाचताना तिच्या लक्षात आलं की मोठ्या बाईंचं नाव कुठेच नाही. पन्नासातली चौदा वर्षं कोणी जगलीच नव्हती.

रविवारी ती मोठ्या बाईंकडे गेली. चोवीस वर्षांत ती तिथे पाच-सहा वेळाच गेली असेल, आणि दर वेळी तब्येतीची चौकशी करून लवकर निघून आली होती. बाई आता अठ्ठ्याहत्तरच्या. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, गुडघ्याला पट्टा, खिडकीत वाळत घातलेले पांढरे कॅनव्हासचे बूट.

"पुस्तिकेत तुमचं नाव घालायचंय, बाई," ती म्हणाली.

"नको घालूस."

"का?"

"त्या रांगेत मला कशाला उभी करतेस? मी माझी बरी आहे."

"तुम्ही संचालक होतात."

"होते. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. बास झालं."

"बास नाही झालं, बाई," शिट्टीबाई म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्याही नकळत चढला. "तुम्ही गेलात तेव्हा मी तिथेच बसले होते. रजिस्टर पुढ्यात होतं, पण मी काही वाचत नव्हते. मान वर करायची हिंमत नव्हती मला."

मोठ्या बाईंनी गुडघ्याचा पट्टा सैल केला. "ते मी पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "राग आला होता मला तुझा. सात-आठ वर्षं होता. मग गुडघा दुखायला लागला आणि एका वेळी एकाच गोष्टीचा राग धरणं झेपतं, हे कळलं."

त्या उठल्या, कपाटातून एक पुठ्ठ्याची फाइल काढून तिच्यासमोर ठेवली. आत नेमणुकीचा आदेश होता. विद्यापीठाचा शिक्का, कुलसचिवांची सही. पदाचं नाव स्पष्ट होतं: संचालक, महिला क्रीडा विभाग. त्याखाली राजीनाम्याची प्रत होती, निळ्या शाईत, पोच दिल्याच्या शिक्क्यासह. तिच्यात एक वाक्य होतं: 'सहायक पदावरची ही नेमणूक माझ्या इच्छेविरुद्ध व माझा लेखी विरोध असताना झाली आहे.'

"ने," बाई म्हणाल्या. "पण परत आणून दे. प्रती काढ, मूळ हरवू नकोस."

सोमवारी गादीवाल्या साहेबांनी आदेश वाचला आणि हनुवटी चोळली. "मॅडम, तो वेगळा विभाग होता. वाचणाऱ्यांचा गोंधळ होईल. आपण असं करू, शेवटच्या पानावर एक चौकट करू. 'प्रेरणादायी महिला'. त्यात त्यांचा फोटो."

"चौकट नको, सर. त्या प्रेरणा नव्हत्या, संचालक होत्या. हॉकीवाल्या सरांना तुम्ही पूर्ण पान दिलंय. त्यात मुलांच्या वेगळ्या विभागातली त्यांची चार वर्षंही धरलीत."

"तुम्ही हे फार मनाला लावून घेताय."

"हो," ती म्हणाली. "लावून घेतेय."

तिथून ती तडक कुलसचिवांकडे गेली. हे गृहस्थ रुक्ष म्हणून प्रसिद्ध होते. कोणाच्या बाजूने नाहीत, कोणाच्या विरोधात नाहीत, फक्त कागदाच्या बाजूने. तिने आदेश पुढे केला आणि म्हणाली, "मला एवढंच लेखी हवंय, साहेब. विद्यापीठाने ज्यांना संचालक म्हणून नेमलं, त्या संचालक होत्या की नव्हत्या?"

त्यांनी चष्मा वर सरकवून शिक्का पाहिला, सही पाहिली, जावक क्रमांक पाहिला. "आदेश आहे म्हणजे होत्या," ते म्हणाले, आणि तेवढंच खाली लिहून सही केली.

मोठ्या बाईंचं पान आलं. शिट्टीबाईने ते स्वतः लिहिलं, बाथरूमच्या तीस पत्रांसकट. पुस्तिका छापायला गेली.

छापून आली ती समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी दोनला. सहाशे प्रती, दोरीने बांधलेले गठ्ठे. शिट्टीबाईने वरची प्रत उघडली, बाईंचं पान काढलं. शेवटची ओळ फिरवली होती आणि तिच्यात एक शब्द वाढला होता. तिने लिहिलं होतं, 'एकत्रीकरणानंतर त्यांना सहायक पद देण्यात आलं.' छापलं होतं, 'एकत्रीकरणानंतर त्यांनी स्वेच्छेने सहायक पद स्वीकारलं.'

ती साहेबांच्या खोलीत गेली. ते फोनवर होते. फोन संपेपर्यंत ती उभी राहिली.

"हे कोणी बदललं?"

"जरा सौम्य केलंय, मॅडम. समारंभ आहे. उगाच कटुता कशाला? आणि आता छापून झालंय, काय करणार?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एका बाईचं चौदा वर्षांचं काम काढून घेतलं, तिला दारासमोरच्या टेबलावर बसवलं, आणि आता ते तिनेच मागून घेतलं होतं असं छापलं. कटुता नको म्हणे. जिच्यावर वरवंटा फिरला तिनेच आता वरवंट्याला लोणी लावायचं.

शिट्टीबाई भांडारात गेली आणि काळ्या शाईची तीन पेनं घेऊन गठ्ठ्यांपुढे बसली. पहिला गठ्ठा सोडला. पान काढलं, 'स्वेच्छेने' या शब्दावर एक सरळ, जाड रेघ मारली. मग दुसरी प्रत. मग तिसरी. वीसेक प्रती झाल्यावर दारात मैदानकाका उभे राहिले. हे मैदान राखणारे, तिच्याहून चार वर्षं आधीपासून नोकरीत.

"एवढं काय खोडताय, मॅडम?"

"एक शब्द खोटा आहे."

काका आत आले, खाली बसले आणि गठ्ठे सोडून बरोबर ते पान उघडून तिच्यापुढे ठेवायला लागले. वाचता त्यांना बेताचंच येई. रेघ वाळली की ते प्रत मिटत आणि गठ्ठा पुन्हा बांधत. दुसरं पेन संपलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. साडेसहाला सहाशेवी प्रत झाली. बोटं काळी झाली होती आणि मनगट दुखत होतं. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं.

"नोकरी जाईल का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"बरं," तो म्हणाला. "हात दे, शाई काढतो. काचा पुसायचं औषध आहे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी सभागृहात पुस्तिका वाटल्या गेल्या. छापलेला शब्द कोणी वाचला नसता. खोडलेला मात्र सगळ्यांनी वाचला. पहिल्या रांगेतल्या दोन प्राचार्यांनी पान उजेडाकडे धरलं. माजी खेळाडू बायका आल्या होत्या, कोणी शिक्षिका, कोणी नर्स, कोणी आजी झालेली. त्या एकमेकींना विचारायला लागल्या, इथे काय होतं, कोणी खोडलं, आणि बाईंचं तेव्हा नक्की काय झालं होतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं. व्यासपीठावर गादीवाल्या साहेबांचं भाषण चालू होतं आणि खाली कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मोठ्या बाई आल्या नव्हत्या. त्यांना जिने झेपत नव्हते, आणि झेपले असते तरी त्या आल्या नसत्या.

मेमो तिसऱ्या दिवशी आला. विद्यापीठाच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण, सात दिवसांत खुलासा करावा. शिट्टीबाईने त्याच दिवशी केला. 'शब्द मीच खोडला. तो मी लिहिलेला नव्हता. तो खोटा आहे, पुरावा सोबत जोडला आहे. मूळ मजकूर बदलणाऱ्यांकडूनही खुलासा मागवावा ही विनंती.' सोबत राजीनाम्याची प्रत. कुलसचिवांनी त्यावर 'नोंद घेतली' एवढंच लिहिलं. पुढे त्या फाइलचं काही झालं नाही. तिला माफी मागावी लागली नाही, आणि तिची माफीही कोणी मागितली नाही.

गादीवाले साहेब वीस महिने टिकले. मग शीतपेयांच्या एका कंपनीत मोठ्या पदावर गेले, आणि तिथे त्यांच्या परिचयात म्हणे पहिलीच ओळ होती, क्रीडा क्षेत्रातील नेतृत्वाचा अनुभव.

खुर्ची रिकामी झाली तशी कुलगुरूंच्या कार्यालयातून फोन आला. नवीन नेमणूक होईपर्यंत मॅडमनी प्रभारी म्हणून बघावं.

"नाही," शिट्टीबाई म्हणाली.

पलीकडच्या माणसाला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. त्याने पुन्हा सांगितलं.

"ऐकलं मी. तीन वेळा बघितलं. ते तात्पुरतं होतं असं मला समितीत सांगण्यात आलं. चौथ्यांदा तात्पुरतं व्हायचं नाही मला. संचालक नेमायचं असेल तर पत्र द्या."

पत्र काही आलं नाही. ग्रंथपालांना प्रभारी केलं. बिचारे भले गृहस्थ, रोज दोनदा तिच्याकडे येऊन पंच म्हणजे नेमकं कोण, असले प्रश्न विचारत. तिने आपलं काम चोख केलं, त्यांचं केलं नाही, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा पाच वाजता घरी जायला लागली.

मग जाहिरात निघाली. तिने ती सूचना फलकावर उभ्याने वाचली. सगळ्या अटी ठीक होत्या. शेवटची नवी होती: उमेदवाराच्या सेवेची किमान पाच वर्षं शिल्लक असावीत. शिट्टीबाईची चार राहिली होती.

तिने आक्षेप नोंदवला. या वेळी एकटीने नाही. कॉलेजांमधल्या क्रीडा शिक्षिकांना तिने एकेक करून फोन केले. त्यांच्यापैकी अकरा जणींनी सह्या केल्या. काहींनी घाबरत केल्या, काहींनी तिने पेन पुढे करायच्या आधीच. उत्तर आलं, अट नियमानुसार आहे. अर्ज पुन्हा गेला, पुन्हा तेच उत्तर. खुर्चीवर एका बँकेतून पन्नाशीतच स्वेच्छानिवृत्ती घेतलेले अधिकारी आले. शिट्टीबाई चार वर्षांनी उपसंचालक म्हणूनच निवृत्त झाली.

पण अर्जांचं जातं एकदा फिरायला लागलं की उशिरा का होईना, पीठ पडतं. तिच्या निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी ती अट रद्द झाली, बँकवाले साहेब खुर्ची सोडून गेले, आणि लगेच निघालेल्या जाहिरातीत त्या अकरांपैकी एकीची, एका कॉलेजातल्या क्रीडा शिक्षिकेची, निवड झाली. तीही धावपटू. तिच्याही सेवेची चारच वर्षं उरली होती. निकाल लागताच तिने फोन केला.

"मॅडम, हे सगळं तुमच्यामुळे झालं. तुमचे आभार कसे मानू?"

शिट्टीबाई खिडकीजवळ उभी होती. तिला आनंद झाला होता, खराच झाला होता. पण त्या आनंदाखालून एक गरम वाफ वर आली आणि तिने ती दाबली नाही.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "तू लायक आहेस. पण आभार नंतर मान. आधी म्हण, माझ्यावर अन्याय झाला."

"मॅडम, ते तर..."

"म्हण ना. सगळे अभिनंदन करतात माझं. बँकवाले साहेबसुद्धा करून गेले. जणू मी मोठी देणगी दिलीय. मी काही दिलेलं नाही, माझ्याकडून घेतलंय. हे एकानेही म्हटलं नाही अजून."

 मग ती शिक्षिका, उद्याची संचालक, हळू पण स्पष्ट म्हणाली, "मॅडम, तुमच्यावर अन्याय झाला."

"हं," शिट्टीबाई म्हणाली. "आता सांग, रुजू कधी होतेस? आणि दारासमोरचं ते टेबल आधी हलव तिथून."